सेलमधली वीस मिनिटं आणि लेकीचा लॅपटॉप

सोलापूरहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४९, पतसंस्थेत नोकरी. मुलगी पुण्यात वसतिगृहावर राहून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. तिच्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी एक लॅपटॉप पसंत केला आणि तेव्हापासून त्याची किंमत ते एका वहीत टिपून ठेवतात. २ ऑगस्टला ५२,९९०. सप्टेंबरच्या मोठ्या सेलमध्ये विशिष्ट बँकेच्या कार्डावर ४६,९९०. पण सहकाऱ्याचं कार्ड मागून ओटीपी येईपर्यंत वीस मिनिटं गेली आणि स्टॉक संपला. दिवाळीत ५०,९९०, नोव्हेंबरअखेर ५३,४९०, डिसेंबरात ५७,९९०. आता जानेवारी २०२६ मध्ये ६१,९९०. पत्नीच्या फोनवर तोच लॅपटॉप सहाशे रुपयांनी स्वस्त दिसतो. "गरजवंताला अक्कल नसते," असं मेहुणे म्हणाले, ते त्यांच्या मनाला लागलं आहे. त्यांचे प्रश्न असे: ही लूट आहे का? फोन आपल्यावर पाळत ठेवून भाव वाढवतो का? आणि ४६,९९० ची वस्तू ६१,९९० ला घ्यायची की भाव उतरेपर्यंत थांबायचं?

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नजर आकड्यांवरच राहिली. दुसऱ्यांदा मात्र एका वाक्याशी थांबले. तुम्ही लिहिलंय, "सबमिशनच्या आठवड्यात ती रात्री अकरानंतर रूममेटचा लॅपटॉप घेते, पण तिची काही तक्रार नाही." त्या वाक्याकडे मी परत येणार आहे. आधी आकड्यांचं बोलू, कारण तुमचा सगळा जीव तिथे अडकलाय आणि तो का अडकला हे मला कळतं. पतसंस्थेत दिवसभर लोकांच्या पैपैचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातले पंधरा हजार असे डोळ्यांदेखत जाताना बघवत नाहीत.

तुमच्या वहीतला ४६,९९० हा आकडा खरा आहे, पण ती त्या लॅपटॉपची किंमत होती असं मला वाटत नाही. एका बँकेचं कार्ड, ठरावीक नग आणि सेलचा पहिला तास, एवढं सगळं जुळून आलं तर त्या भावात वस्तू मिळते. बँक, कंपनी आणि विक्रेता आपापला थोडा थोडा वाटा त्यात घालतात आणि मोजक्या लोकांच्या हाती ती पडते. बाकीचे तेवढ्यासाठी येतात आणि दुसरं काहीतरी घेऊन जातात. तुमच्या वहीत हा आकडा इतर आकड्यांच्याच रांगेत बसलाय, म्हणून प्रत्येक पुढची किंमत त्याच्याशी ताडून बघितली जाते आणि प्रत्येक वेळी तुम्ही हरता. त्याच्यावर एक रेघ मारा. दोन ऑगस्टचे ५२,९९० आणि दिवाळीचे ५०,९९० हे कुणालाही, कुठल्याही कार्डावर, दिवसभर मिळत होते. तुलना करायचीच तर त्यांच्याशी करा. मग पंधरा हजारांचं नुकसान नऊ ते अकरा हजारांवर येतं. कमी नाही, मान्य. पण एवढंच आहे.

तुम्ही सप्टेंबरात आणखी एका कारणाने थांबलात: जीएसटी कमी होणार अशी बातमी होती. यात पुष्कळ जणांची गल्लत झाली, म्हणून सगळ्यांसाठीच सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, ३२ इंचांवरचे टीव्ही, मॉनिटर आणि डिशवॉशर यांचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. लॅपटॉप आणि मोबाइल आधीपासूनच १८ टक्क्यांत होते, तिथे काहीच बदललं नाही. फ्रिज आणि वॉशिंग मशीनसुद्धा जुलै २०१८ पासून १८ टक्क्यांतच आहेत. तेव्हा कुणी दुकानदार "जीएसटी उतरलाय साहेब, म्हणून हा भाव" म्हणत वॉशिंग मशीन दाखवत असेल, तर ती त्याची नेहमीची सूट आहे, सरकारची नव्हे. आणि जिथे कर खरंच उतरला, तिथेही साधा हिशोब लोक चुकवतात. दहा टक्के कर कमी म्हणजे किंमत दहा टक्के कमी नव्हे. शंभराची वस्तू करासकट १२८ ला मिळत होती, ती ११८ ला मिळेल. हा फरक पावणेआठ टक्क्यांच्या आसपास येतो. चाळीस हजारांच्या एसीवर सुमारे ३,१०० रुपये.

आता डिसेंबर-जानेवारीतल्या उडीचं कारण. हे तुमच्या दुकानदाराने केलेलं नाही. लॅपटॉपमध्ये जी मेमरी लागते, म्हणजे रॅम, ती जगात मुख्यतः तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयसाठी जी प्रचंड डेटा सेंटर्स उभी राहताहेत, त्यांना वेगळ्या प्रकारची महाग मेमरी हवी असते आणि ती विकण्यात या कंपन्यांना जास्त मिळतं. म्हणून कारखान्यांचा मोठा हिस्सा तिकडे वळला आणि साध्या लॅपटॉप-मोबाइलच्या वाट्याला कमी माल उरला. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले ते यामुळे. डिसेंबरात मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांना रॅम विकणारा आपला 'क्रुशियल' हा धंदाच गुंडाळायचं जाहीर केलं. त्याच महिन्यात रुपया डॉलरमागे नव्वदच्या पलीकडे गेला, आणि आपल्याकडच्या लॅपटॉपचे बहुतेक सुटे भाग डॉलर मोजूनच येतात.

असं पहिल्यांदा घडत नाहीये. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्क बनवणारे कारखाने पाण्याखाली गेले आणि इथे पुण्यात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या आपल्या तपकीर गल्लीत, हार्ड डिस्कचा भाव दुप्पट सांगू लागले. २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा होता. उलटही झालंय: २०२२-२३ मध्ये मेमरीचा माल इतका पडून होता की कंपन्यांनी तोटा सोसला आणि रॅम मातीमोल झाली. म्हणजे भाव उतरतात, पण कधी ते सेलच्या जाहिरातीवरून कळत नाही. मेमरीचा नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. तुमच्या मुलीचं चौथं सेमिस्टर आत्ताच सुरू झालंय. मी तुमच्या जागी असते तर येत्या चार-सहा महिन्यांत पुन्हा ५०,९९० दिसेल या भरवशावर बसले नसते.

पाळतीचा प्रश्न. पत्नीच्या फोनवर सहाशे कमी का दिसले असतील, याची साधी कारणं आधी तपासा. त्यांच्या खात्याला पहिल्या खरेदीचं कूपन लागलंय का? त्यांच्या खात्यात जोडलेल्या कार्डाची सूट आधीच वजा करून दाखवलीय का? पिनकोड तुमचा सोलापूरचा आणि त्यांचा, मुलीला पाठवायचं म्हणून, पुण्याचा आहे का? पिनकोड बदलला की जवळच्या गोदामातला दुसरा विक्रेता वर येतो, आणि एकाच पानावर चार विक्रेत्यांचे चार भाव असतात. दोन्ही फोन शेजारी ठेवा, दोन्हीकडे खात्यातून बाहेर पडा, एकच पिनकोड घाला, विक्रेत्याचं नाव आणि पूर्ण मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर ताडून बघा. शेवटच्या दोन अक्षरांत ८ जीबी आणि १६ जीबी रॅमचा फरक लपलेला असतो. एवढं करूनही फरक राहिला, तर दोन्ही स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट जपून ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव करता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये फोनच्या प्रकारानुसार भाडं वेगळं लावल्याच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने टॅक्सी ॲपच्या दोन मोठ्या कंपन्यांना नोटिसा पाठवल्या होत्या; कंपन्यांनी आरोप नाकारला, पण प्रश्न विचारला गेला हे महत्त्वाचं. तुमची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या नंबरला, फुकट नोंदवता येते.

त्याच नंबरवर आणखी एक सांगता येईल. तुम्ही लिहिलंत की "फक्त २ शिल्लक" हे लाल अक्षर पाच दिवस तसंच होतं. खोटी घाई लावणं, शेवटच्या पानावर गुपचूप वॉरंटी किंवा विमा टोपलीत टाकणं, आधी कमी किंमत दाखवून बिलापर्यंत शुल्कं चढवत नेणं, अशा तेरा युक्त्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवल्या आहेत. मात्र भाव वरखाली करणं हा त्यातला गुन्हा नाही. कायदा एवढंच म्हणतो की छापील एमआरपीच्या वर विकू नका. एमआरपी किती छापायची हे कंपनीच ठरवते, म्हणून ८१,९९० खोडून ६१,९९० लिहिलं की "२४ टक्के सूट" दिसते. त्या टक्क्यांकडे बघूच नका. कीपासारख्या साइटवर किंमतीचा मागचा आलेख दिसतो, तो उघडा आणि गेल्या महिनाभरात बहुतेक दिवस कुठला आकडा होता तेवढं बघा. एका दिवसाची खोल दरी दिसली तर ती सोडून द्या.

आता तुमचे मेहुणे. "गरजवंताला अक्कल नसते" हे वाक्य त्यांनी कुठल्या सुरात म्हटलं मला ठाऊक नाही, पण ते तुम्ही स्वतःवर ओढून घेतलंय. गरज असताना घेतलं म्हणजे अक्कल गेली, आणि गरज दाबून धरली म्हणजे शहाणपण, असा त्याचा अर्थ तुम्ही लावलात. मला तो पटत नाही. गरज आहे म्हणूनच तर वस्तू घ्यायची असते! भाव तासाला बदलणाऱ्या बाजारात कुणीतरी तुमच्यापेक्षा स्वस्तात घेणारच, आणि कुणीतरी महागात. त्यावरून कुणाची अक्कल ठरत नाही. त्यांनीच सुचवलेला दुसरा उपाय, म्हणजे त्यांच्या फर्मच्या जीएसटी नंबरवर बिल फाडून १८ टक्के वाचवायचे, तोही करू नका. स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या वस्तूवर तो परतावा घेणं कायद्यात बसत नाही, आणि उद्या लॅपटॉप बिघडला की वॉरंटीसाठी मुलीला मामाच्या फर्मचं पत्र घेऊन फिरावं लागेल.

आणि आता ते वाक्य.

तुमच्या वहीचा फोटो तुम्ही पाठवलात. सुबक अक्षर, तारीख, किंमत, ऑफर, शेरा. सहा महिन्यांत त्या वहीत भावाची प्रत्येक हालचाल आली आहे, पण थांबण्याची किंमत कुठेच लिहिलेली नाही. ती नाही असं तुम्ही धरून चाललात. ती आहे, आणि ती तुमची लेक भरतेय. रूममेटचं काम संपेपर्यंत जागं राहायचं, रात्री अकरा ते दोन कोड लिहायचा, दुसऱ्याच्या मशीनवर आपलं सॉफ्टवेअर टाकायला संकोच करायचा, सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला जायचं. तिची तक्रार नाही, हे खरंच. बाबा आपल्यासाठी पै पै जोडताहेत हे ज्या मुलीला दिसतं, ती तक्रार कशी करेल? कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलीच्या हाती सहा महिने स्वतःचा कॉम्प्युटर नाही. हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुम्ही तिच्यासाठीच थांबलात, हे प्रत्येक ओळीत दिसतं.

हीच चूक मी केली आहे. २०२३ च्या दिवाळीत वडिलांसाठी टीव्ही घ्यायचा होता. त्यांना लांबचं नीट दिसेनासं झालं होतं, मोठा पडदा हवा होता. दिवाळी संपली की भाव उतरतील म्हणून मी थांबले. उतरलेही, तेवीसशे रुपयांनी. पण मधे १९ नोव्हेंबरला वर्ल्ड कपची फायनल झाली आणि ती वडिलांनी शेजाऱ्यांच्या घरी, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मान पुढे काढून पाहिली. रात्री पाठ धरून घरी आले. ते काही बोलले नाहीत. त्या तेवीसशे रुपयांचं मी काय केलं, हे मला आज आठवत नाही.

तर करायचं काय? ६१,९९० ला तोच लॅपटॉप डोळे मिटून घ्या, असं मी म्हणणार नाही. ऑगस्टमध्ये ५३ हजारांना जो चांगला सौदा होता, तो आज ६२ ला तितकाच चांगला असेलच असं नाही. त्या एका मॉडेलवर सहा महिने नजर लावल्यामुळे शेजारी काय आहे ते दिसेनासं झालंय. या रविवारी मुलीला फोन करा आणि तिला नेमकं काय चालवावं लागतं ते विचारा. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) किंवा व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) लागत असेल तर १६ जीबी रॅमवर तडजोड नको. आणि ८ जीबीचा घेऊन पुढे वाढवू म्हणाल तर आधी त्या मॉडेलमध्ये रॅमची मोकळी जागा आहे का ते बघा, कारण आजकाल बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच डकवलेली असते, आणि सुटी रॅमच सध्या सोन्याच्या भावात आहे. उलट प्रोसेसर एक पिढी मागचा चालेल. ग्राफिक्स कार्ड बहुधा लागणारच नाही. चकचकीत पडदा, बोटाच्या ठशाने उघडण्याची सोय, पातळपणा, यातलं काय सोडता येईल हे तीच सांगेल. काही कंपन्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या साइटवर कॉलेजच्या ओळखपत्रावर सूट देतात, तेही तिला बघू द्या.

मग एक आकडा ठरवा, समजा ५६ हजार, आणि एक तारीख ठरवा. मी तर जानेवारीचा शेवटचा रविवार म्हणेन. २६ जानेवारीच्या आसपास सगळीकडे ऑफर असतात, आणि महिनाअखेरीला दुकानदारालाही कंपनीचं टार्गेट गाठायचं असतं, तेव्हा तोंडी भाव नरम होतो. सोलापुरातल्या किंवा पुण्यातल्या दोन दुकानांत ऑनलाइनचा स्क्रीनशॉट घेऊन जा, "बिलासकट शेवटचा भाव सांगा" म्हणा आणि गप्प राहा. बरेचदा तो हजार-पाचशे वर सांगेल, पण बॅग, माउस आणि बिघडल्यावर समोर उभं राहायला एक माणूस मिळेल. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीसाठी ते हजार-पाचशे मी आनंदाने देईन. त्या तारखेपर्यंत ठरलेल्या आकड्यात मनासारखं मिळालं तर घ्या. नाही मिळालं तरी त्या दिवशी दिसेल त्यातला सगळ्यात बरा घ्या. पुढच्या सेलची वाट बघायची नाही.

५६ हजारसुद्धा जड जात असतील तर कंपन्यांनी वापरून परत केलेले, दुरुस्त करून वॉरंटीसह विकले जाणारे लॅपटॉप हा चांगला मार्ग आहे. यात एकच खड्डा आहे. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नेहमीची अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ न चालणारी जुनी मशीन आता स्वस्तात बाजारात येताहेत. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा नको. पक्कं बिल, किमान सहा महिन्यांची वॉरंटी, आणि चार्जर काढून अर्धा तास समोर चालवून बघणं, याशिवाय पैसे देऊ नका.

विनाव्याज हप्त्यांबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. तिथे व्याज असतंच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो, म्हणून दिसत नाही. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच मनाई केली आहे. ५४ हजारांच्या नऊ हप्त्यांवर १६ टक्क्यांनी सुमारे ३,६०० व्याज होतं, त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास, तुमच्या खिशातून जातो, वर प्रक्रिया शुल्क. तुम्ही पतसंस्थेत आहात, कर्मचारी म्हणून कर्ज मिळत असेल तर दोन्ही हिशोब शेजारी मांडा. तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

लॅपटॉप घेतल्यावर ते पान पुन्हा उघडू नका. इच्छायादीतून काढून टाका, भावाच्या सूचना बंद करा. आपल्याकडे बहुतेक विक्रेते भाव उतरला म्हणून फरक परत देत नाहीत, त्यामुळे तो आकडा बघून हाती काही लागत नाही, फक्त जेवण गोड लागत नाही. वही मात्र फेकू नका. पुढच्या कोऱ्या पानावर बिल चिकटवा, पण थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात, म्हणून आधी त्याची झेरॉक्स काढा. शेजारी सिरियल नंबर, घेतल्याची तारीख आणि सर्व्हिस सेंटरचा फोन तुमच्या त्याच सुबक अक्षरात लिहा, आणि त्या पानाचा फोटो मुलीला पाठवून द्या.